जाणारी शाई

माझ्या आईने जन्मात एकाही गोधडीवर रेघ ओढली नाही. उज्जैनच्या घरी दुपारची भांडी आवरली की ती जुनी नऊवारी जमिनीवर अंथरायची, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. चारी कडांना मोठाले कच्चे टाके घालायची आणि एका कोपऱ्यातून धावदोरा धरायची. कडेकडेने फिरत फिरत आत. पहिली ओळ कडेला धरून, दुसरी पहिलीला, तिसरी दुसरीला. दोन ओळींमधलं अंतर म्हणजे तिच्या अंगठ्याच्या नखाची रुंदी. मध्यावर पोचेपर्यंत चौकोनाचं काहीतरी अंड्यासारखं झालेलं असायचं, आणि त्याची तिला काडीचीही फिकीर नसे. "अंगावर घ्यायची आहे, भिंतीवर टांगायची नाही," एवढंच म्हणायची.

मला ते जमत नाही. एकतीस वर्षं बँकेत रकाने भरले. समोर रेघ दिसली की हात चालतो, नाहीतर चाचपडतो. निवृत्तीनंतर गोधड्या शिवायला बसले तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हाच, की रेघ कशाने ओढायची. ती जाणार कशी हा प्रश्न खरं तर आधी पडायला हवा होता. तो पडायला मला दोन गोधड्या लागल्या.

इंदूरला, माझ्या सासरच्या गावी, शीतलामाता बाजाराच्या एका गल्लीत मॅचिंग सेंटर आहे. अस्तर, फॉल, लेस, बटणं सगळं तिथंच मिळतं. तिथल्या मुलाने काउंटरवर तीन पेनं मांडली. निळं, पाण्याने जाणारं. जांभळं, हवेत आपोआप उडणारं. आणि तिसरं मुळात कापडाचं नव्हेच, शाळेतल्या मुलांचं, मागच्या रबराने घासून खोडायचं जेल पेन. "प्रेस घुमा दो दीदी, गायब," तो म्हणाला. निळ्याबद्दल विचारलं, तर "पानी डालो, गायब." जांभळ्याबद्दल, "कुछ मत करो, गायब." पोह्यांवर जीरावन भुरभुरावं तसा त्याने तो शब्द तिन्हींवर सारखाच भुरभुरला. मी तिन्ही घेतली.

पहिली गोधडी लेकीसाठी. ती तेव्हा नुकतीच कॅनडात एडमंटनला गेली होती. निळसर सुती कापडावर मी जेल पेनाने तिरप्या जाळीच्या रेघा ओढल्या, अडीच महिने शिवलं, शेवटी इस्त्री फिरवली आणि रेघा खरंच गेल्या. मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं होतं! जानेवारीत लेकीचा फोन आला. गोधडी रात्रभर गाडीत राहिली होती. बाहेर उणे पंचवीस. सकाळी बघते तर सगळी जाळी परत उमटलेली, जशी मी ओढली होती तशीच; एका कोपऱ्यात मी लिहिलेलं "इथे २ इंच सोड" सुद्धा. ती हसून हसून सांगत होती. मला इथं इंदूरात घाम फुटला.

पुढे समजलं ते असं. त्या पेनाची शाई उष्णतेने रंग बदलणारी असते. साधारण ६० अंशांच्या वर गेली की तिचा रंग दिसेनासा होतो. कागदावर रबराने घासतो तेव्हाही घर्षणाची उष्णताच ते काम करते. पण शाई कापडातच बसलेली असते. पारा शून्याच्या खाली दहा-वीस अंश गेला की रंग पुन्हा जागा होतो. आमच्या माळव्यात थंडी कितीही पडली तरी तिथवर जात नाही, त्यामुळे इथल्या कुणा बाईला हे आयुष्यभर कळायचं नाही. लेकीने पुन्हा इस्त्री फिरवली, रेघा पुन्हा गेल्या. पण "गायब" आणि "गेली" हे दोन वेगळे शब्द आहेत हे त्या दिवशी मला कळलं. आणखी एक: गडद कापडावर ह्याच शाईचा रंग गेल्यावरही पांढुरकी सावली मागे राहते. ती इस्त्रीने जात नाही, थंडीने जात नाही. काळ्या तुकड्यावर मी मुद्दाम करून पाहिलं, तो तुकडा अजून माझ्या डब्यात आहे.

जांभळ्या पेनाची गंमत निराळी. मे महिन्यात मी त्याने रेघा ओढल्या, त्या दोन दिवस टिकल्या. श्रावणात ओढल्या, तर चहा करून येईपर्यंत निम्म्या उडालेल्या. हवेत ओल असली की ती शाई घाईने जाते. म्हणून पावसाळ्यात मी एका बैठकीत शिवून होईल तेवढंच आखायचे, हातभर. ते ठीक होतं. पण गोधडी पूर्ण झाल्यावर, रेघा जाऊन महिना उलटल्यावर, मी ती बादलीत घातली, धुण्याची पावडर टाकली, आणि पाण्यात बुडवताच सगळ्या कापडावर फिकट जांभळ्या रेघा तरारून आल्या. जणू इतके दिवस पांघरूण घेऊन झोपल्या होत्या.

आमच्या वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचे निवृत्त सर राहतात. बादली तशीच घेऊन त्यांच्याकडे जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून त्यांनाच खाली बोलावलं. त्यांनी रेघांकडे पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं?"

लाल होतो. हे कुणाला माहीत नाही? लग्नघरातल्या प्रत्येक पांढऱ्या शर्टावर पाहिलेलं असतं.

"तेच," ते म्हणाले. हळदीचा रंग अल्कलीत लाल होतो. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते त्याच गुणावर. ही जांभळी शाईही त्याच जातीची. पेनात ती अल्कलीच्या संगतीत असते तोवर रंगीत. कापडावर आली की हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल मिळून ती अल्कली मारतात, आणि रंग जातो. फक्त रंग. शाईचा पदार्थ धाग्यात तसाच. धुण्याची पावडर ही अल्कलीच. ती पाण्यात पडली की पुन्हा रंग. शाळेत बाटलीभर फिनॉल्फ्थॅलीन घेऊन तीस वर्षं हाच खेळ त्यांनी मुलांना दाखवला होता. आता एका गोधडीने तो त्यांना दाखवला, ह्याचा त्यांना कोण आनंद! दोन-तीन वेळा नुसत्या पाण्यात खळबळून काढल्यावर रेघा गेल्या, ह्या वेळी पाण्याबरोबर.

तेव्हापासून माझा एक हट्ट आहे. रेघ दिसत नसली तरी धुवायची. आपोआप उडणारी असली तरी धुवायची, आणि पहिल्यांदा साबणाशिवाय धुवायची. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला तर हे हवंच. बाळ कापड चोखतं, आणि पेनावर काहीही छापलेलं असलं तरी ते पेन बाळाने चोखावं म्हणून केलेलं नसतं.

निळ्या पेनाने मला सगळ्यात जास्त साथ दिली आणि सगळ्यात मोठा धडाही दिला. पाण्याने जाणारी शाई म्हणजे पाण्यानेच जाणारी. मी काय केलं? जाऊबाईंच्या नातवाचं बारसं दुसऱ्या दिवशी, दुपटं चुरगळलेलं, म्हणून धुण्याआधी वरून गरम इस्त्री फिरवली. निळ्या रेघा तपकिरी झाल्या. मग पाणी, मग लिंबू, मग पुन्हा पाणी. काही उपयोग नाही. इस्त्रीच्या उष्णतेने ती शाई धाग्यात पक्की बसते. ते दुपटं आजही त्या घरात आहे. तो मुलगा आता सायकल चालवतो, आणि दुपट्यावरच्या तपकिरी पाकळ्या बघून लोक विचारतात, हे प्रिंट कुठलं? जाऊबाई माझ्याकडे बघत नाहीत, तेवढा मोठेपणा त्यांच्यात आहे.

निळ्या शाईची दुसरी खोड तिची स्वतःची नाही, भराची आहे. गोधडी म्हणजे एक कापड नव्हे. वर एक, खाली एक, मध्ये कापूस नाहीतर जुन्या साड्यांचे थर. ओला बोळा घेऊन रेघेवर टिपलं की रेघ वरून गेल्यासारखी वाटते, पण ती खाली उतरलेली असते. भर ती पिऊन घेतो. कापड वाळताना पाणी वर येतं आणि शाईही त्याच्याबरोबर वर येते, आता रेघ म्हणून नाही तर ढग म्हणून. असे दोन ढग माझ्याकडे आहेत. तेव्हा टिपायचं नाही, बुडवायचं. अख्खी गोधडी भरपूर गार पाण्यात, तासभर, मध्ये एकदा पाणी बदलून. नंतर सावलीत वाळत. पाणी निवळ होईपर्यंत साबण नाही, सोडा नाही, ऊन नाही, इस्त्री तर नाहीच. हे सगळं एका दमात लिहिलं, पण ह्यातला एकेक शब्द एकेका फजितीने शिकवलेला आहे.

आणि पाणी कुठलं, हेही. नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ साली आलं. सत्तरेक किलोमीटरवरून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, घाट चढवून आणलेलं. तिथून महेश्वर हाकेच्या अंतरावर. म्हणजे माझ्या कपाटातल्या महेश्वरी साड्या आणि माझ्या नळाचं पाणी एकाच नदीचं. पण नळ एक दिवसाआड येतो, आणि मधल्या दिवशी आम्ही बोअरवेलच्या भरवशावर. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की गिझरमध्ये पांढरे खडे धरतात आणि साबणाचा फेस होत नाही, साय होते. निळ्या रेघा नर्मदेच्या पाण्यात एका बुडीत जातात. बोअरच्या पाण्यात मला तीन लागल्या, आणि जांभळ्यांनी तर तिथेही हलकंसं डोकं वर काढलं. त्यामुळे आता नळाचा दिवस बघूनच गोधडी भिजवते. चतुर्थी, एकादशी आणि नळ, असं कॅलेंडर.

लहान मुलांची धुता येणारी स्केचपेनं वापरतात बऱ्याच जणी. स्वस्त, टोक बारीक, रंग ढीगभर. माझी त्यांच्याशी दुष्मनी नाही. पण ती पेनं केलेली असतात पोराने शर्टाला फासलं आणि आईने संध्याकाळी धुतलं अशा हिशेबाने. गोधडी चार महिने मांडीवर असते. चार महिने बसलेली शाई आणि चार तासांची शाई ह्यात फरक पडतोच. शिवाय लाल, काळा, गर्द जांभळा हे रंग उठायला कुरकुर करतात. वापरायचीच तर फिका निळा नाहीतर पोपटी, आणि रेघ जेवढी बारीक दिसेल तेवढीच. आपण रेघ गिरवून गिरवून ठळक करतो, ती सवय बँकेतली.

ह्या सगळ्याला एकच उपाय आहे आणि तो कंटाळवाणा आहे: चाचणी. त्याच कापडाचा हातभर तुकडा, आत तोच भर, खाली तेच अस्तर, त्याच दोऱ्याचे दोन टाके. त्यावर रेघ ओढून ती गोधडीला लागतील तितके दिवस नाही, तर निदान आठवडाभर पडू द्यायची. मग ज्या पाण्यात धुणार त्याच पाण्यात धुवायची. नुसत्या कापडावर करून पाहिली तर ती चाचणी नव्हे, समाधान. रेशमी महेश्वरीवर मी पेन टेकवतच नाही. रेशमावर नुसत्या पाण्याचेही डाग राहतात. तिथे कच्चा धागा घालून आखणी करायची आणि नंतर ओढून काढायची.

जुन्या लोकांना हे प्रश्न नव्हते असं नाही. लखनौची चिकनकारी घ्या. नक्षी आधी लाकडी ठशाने कापडावर उमटवतात, निळीत गोंद कालवून. ती कच्चीच असते, मुद्दाम कच्ची. भरतकाम झालं की कापड धुलाईला जातं आणि निळी रेघ निघून जाते. बाजारातलं निळं पेन त्याच घराण्यातलं म्हणायचं. आमच्या शेजारचा शिंपी तर अजून साबणाची चिपाटी वापरतो. वाळून कडक झालेली, कडा धारदार. पांढरी रेघ उठते, आणि धुताना तीच साबण होते. त्याच्याकडे मेणाचा खडूही आहे, पण तो इस्त्रीखाली वितळतो आणि तेलकट ओरखडा सोडतो, म्हणून तो फक्त जाड कोटाच्या कापडावर. आणि माझी आजी नखाने घडी मारायची. रंगच नाही तर डाग कुठून? मीही हल्ली सुती कापडावर पितळी कातण्याच्या दांडीने दाबून रेघ पाडते. हातभर शिवण्यापुरती ती टिकते. करंजीच्या दिवसांत कातणं परत स्वयंपाकघरात.

ह्याच्या उलट टोकाला बिब्बा. धोबी पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खूण करत. चुन्याबरोबर तो काळा होतो, आणि कापड विरलं तरी खूण जात नाही. इंग्रज त्याला खुणेचं फळच म्हणत. आपल्याकडे चालत्या कामात कुणी मोडता घातला की "बिब्बा घातला" म्हणतात. माझ्या मते ही म्हण ज्याच्या अंगावर बिब्बा उतला त्यानेच पाडली असणार. न जाणाऱ्या शाईचा आपल्याला इतका जुना सराव आहे. जाणाऱ्या शाईचाच नाही.

हे सगळं आता आठवायचं कारण, लेकीला दिवस गेलेत. तिच्या बाळासाठी गोधडी करायची म्हणून अस्तर शोधत होते, तर सासऱ्यांच्या ट्रंकेत तळाशी मांजरपाटाचा सहा वार तुकडा मिळाला. घडीच्या कडेला जांभळा शिक्का. मिलचं नाव, खाली वारांचा आकडा. सासरे एका मिलमध्ये फोल्डिंग खात्यात होते. इंदूरच्या मिली एकेक करून गेल्या. मालवा मिलचा चौराहा आहे, मिल नाही. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली आणि तिच्या कामगारांची थकबाकी चुकती व्हायला २०२३चा डिसेंबर उजाडला. सासऱ्यांची मिल वेगळी, गोष्ट फार वेगळी नाही. घरात तो विषय निघत नसे. पण तुकडा त्यांनी जपून ठेवला होता, शिक्का वर येईल अशी घडी घालून.

मी ठरवलं, शिक्का अस्तराच्या एका कोपऱ्यात येऊ द्यायचा. लेकीला फोनवर सांगितलंही. वरच्या कापडासाठी माझ्या आईची एक नऊवारी, आणि नक्षीसाठी निळं पेन. तुकडे कापले, आठवडाभर ठेवले, नळाच्या दिवशी धुतले, सगळं यथासांग. मांजरपाट आटतो, म्हणून शिवायच्या आधी तो भिजवायला हवा. नळाच्याच दिवशी टब भरला, कापड घातलं आणि कुकर लावायला गेले.

परत आले तेव्हा पाणी फिकट जांभळं झालं होतं.

शिक्क्याची चाचणी मी केलीच नव्हती. डोक्यात हेच, की एवढ्या वर्षांची शाई, मिलची शाई, ती कुठे जाते! कापड उचललं तर कोपऱ्यात नुसती धूसर छटा, आणि ती बघता बघता निथळून चालली होती. जी शाई घालवायला मी इतकी वर्षं पाण्यात हात घालून बसले, ती गेली नव्हती. ही मात्र पहिल्या बुडीत गेली, तीही नर्मदेच्या गोड पाण्यात.

सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना सांगायला मला दोन दिवस लागले. वाळलेलं कापड मांडीवर घेऊन त्यांनी कोपरा हाताने सारखा केला.

"काय लिहिलं होतं, आठवतंय तुला?"

मला अर्धंच आठवत होतं. फोटो काढायचं सुचलं नव्हतं.

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "दर दिवाळीला तेच यायचं घरात. मुलांच्या चड्ड्या, उशांचे अभ्रे, सगळ्यावर हेच." आणि त्यांनी बोटाने कापडावर लिहायला सुरुवात केली. आधी वरची गोलाई, मग नाव, मग आकडा. हळूहळू, मध्ये थांबून, एक अक्षर पुन्हा गिरवून.

निळं पेन माझ्या डब्यात, हाताशीच होतं. मी सुई घेतली. जांभळा दोरा आधीच ओवलेला होता, दुसऱ्याच कशासाठी तरी. त्यांचं बोट जिथून उचललं जाई तिथे मी टाका घालत गेले. गोलाई वाकडी आली. नावातलं तिसरं अक्षर पोटात जास्तच फुगलं. संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली तेव्हा आकड्यापर्यंत पोचलो होतो.

चष्मा लावून त्यांनी ते जवळून पाहिलं.

"टाका मोठा पडतोय तुझा," त्या म्हणाल्या. "आकडा उसवून परत घाल."